खोडलेला आकडा

काकूंनी पिशवीतून वही काढली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली, घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून. वय 56. आठ वर्षं लघवीची घाई. लागली की दम निघत नाही, दारापर्यंत पोचेस्तोवर थोडी कपड्यांत होतेच. जंतुसंसर्ग नाही, लघवीत रक्त नाही, साखर ठीक, हे डॉक्टरांनी तपासलेलं. गोळीनं तोंडाला कोरड पडायची म्हणून त्यांनी ती सोडली आणि माझ्याकडे फिजिओथेरपीला आल्या.

पहिल्या भेटीत मी तीन दिवसांची नोंद मागते. काय प्यायलं, किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती मिली भरली. काकूंच्या वहीत दिवसाला चौदा-पंधरा नोंदी होत्या : 60, 80, 50. पहाटे साडेपाचच्या 340 वर मात्र काट मारलेली.

"ते चुकलं असेल मॅडम. एवढी कशी होईल?"

दुसऱ्या पहाटेचे 320 सुद्धा खोडलेले.

चुकलं नव्हतं. रात्रभरात 340 मावतात, म्हणजे लघवीची पिशवी लहान झालेली नाही. दिवसा ती उगाच लवकर हाका मारते. 'बाहेर पडायच्या आधी जाऊन येते' असं करत करत आठ वर्षांत तिला तीच सवय लागली. त्यात पाणी तीन पेले आणि चहा सहा कप. 'पाणी कमी पी' हा सल्ला बायकांना जो तो देतो, त्याचा मला संताप येतो. गडद पिवळी लघवी मूत्राशयाला आणखी डिवचते, वर बद्धकोष्ठता होते ती वेगळीच. मी पाणी वाढवलं, चहा दोन कपांवर आणला.

लघवी रोखणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाचा छापील कागद देऊन बाईला घरी पाठवणं हा आमच्याच लोकांचा आळस आहे. काकू 'आवळते' म्हणत श्वास कोंडून खाली जोर देत होत्या, नेमकं उलटं. त्यांचा हात त्यांच्याच पोटावर ठेवायला लावला. चारचौघांत वायू अडवताना आवळतो तसं आत, वर ओढायचं. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. आठ वेळा, दिवसातून तीनदा. आणि घाई आली की धावायचं नाही. आहे तिथे थांबायचं, जमलं तर बसायचं, पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडायचं. लाट ओसरते. मग चालत जायचं. दोन खेपांतलं अंतर तासावरून जमेल तसं पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेलं.

तीन महिन्यांनी अंतर अडीच तासांवर आलं. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मोजायला आधी कुणीच का नाही सांगितलं हो?" मला उत्तर देता आलं नाही, अजूनही देता येत नाही.

घराच्या कुलपापाशी मात्र अजून अडतं. किल्ली फिरवली की कळ येते. "आता किल्ली काढायच्या आधीच पाचदा आवळते," काकू म्हणाल्या, "मग कुलूप."