तिसरा न्यूमोनिया

14 महिन्यांचं बाळ, आणि हा तिसरा न्यूमोनिया. आजीच्या कडेवर ते धापा टाकत होतं, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत खेचली जात होती. मानखुर्दच्या आमच्या ओपीडीत पावसाळ्यात अशी मुलं रोजच येतात. ऑक्सिजन मोजायला त्याचा हात धरला, तर मनगट जाड लागलं. सूज नव्हती, हाडच रुंद झालं होतं. सदरा वर केला. छातीच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या टोकांवर ओळीने गाठी लागल्या. मुडदूस, म्हणजे व्हिटॅमिन डीच्या अभावाने हाडं मऊ पडण्याचा आजार.

दाखल करून ऑक्सिजन आणि अँटिबायोटिक सुरू केलं. रक्तात कॅल्शियम कमी आणि व्हिटॅमिन डी अवघं 6 नॅनोग्रॅम. 20 च्या खाली गेलं की आम्ही कमतरता म्हणतो.

"बाळाला ऊन मिळतं का?" मी आईला विचारलं.

"कुठलं ऊन, मॅडम? समोरची बिल्डिंग हाताला लागेल इतकी जवळ. दुपारी बारालासुद्धा ट्यूब चालू असते."

मुंबईत उन्हाला काय तोटा, असं वाटतं. पण त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करणारे यूव्हीबी किरण काचेतून आत येत नाहीत, आणि पुनर्वसनाच्या इमारतींमधल्या त्या फटीत तर पोचतच नाहीत. सावळ्या त्वचेला ऊन जास्त वेळ लागतं. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व मुळातच कमी, आणि या आईची स्वतःचीच पातळी खाली होती. बाळाला व्हिटॅमिन डीचे थेंब लिहून दिलेले होते, पण पहिली बाटली संपल्यावर दुसरी आणली गेली नाही.

याचा फुप्फुसाशी काय संबंध, असं आजींनी विचारलं. संबंध सरळ आहे. बरगड्या मऊ, स्नायू अशक्त, त्यामुळे खोकल्यात जोर नाही आणि कफ आतच साचतो. शिवाय जंतू गिळणाऱ्या पेशी व्हिटॅमिन डी स्वतः सक्रिय करून घेतात आणि त्यावर कॅथेलिसिडिन हे जंतू मारणारं प्रथिन बनवतात. 2006 साली क्षयाच्या जंतूंवरच्या संशोधनात हे स्पष्ट दिसलं.

म्हणून सर्दी टाळायला सगळ्यांनीच व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घ्याव्यात का? माझं उत्तर नाही असंच आहे. 2017 मध्ये 25 चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात थोडा फायदा दिसला. तो सर्वांत ठळक होता ज्यांची पातळी 10 च्याही खाली होती आणि ज्यांना रोज किंवा आठवड्याला डोस मिळत होता त्यांच्यात. एकदम मोठे डोस दिलेल्या चाचण्यांत तो दिसला नाही. 2025 मध्ये 46 चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा सरसकट सगळ्यांना फायदा होतो असं म्हणता आलं नाही. तरीही याच शहरात लोक मनानेच 60,000 युनिटची पाकिटं घेत राहतात, आणि ज्याची हाडं वाकताहेत त्या बाळाला थेंबांची दुसरी बाटली मिळत नाही. मला याचा फार संताप येतो.

रोजचे थेंब आणि कॅल्शियम किमान तीन महिने द्यायचं ठरलं. आईलाही औषध दिलं. काही आठवड्यांनी मनगटाच्या एक्स-रेत हाड भरून येत असल्याची पांढरी रेघ उमटली होती.

त्या भेटीला आई शेजारणीलाही घेऊन आली. तिचं बाळ पाच महिन्यांचं, फक्त अंगावरच्या दुधावर, थेंब कधी दिलेलेच नाहीत. त्याचे रोजचे 400 युनिट त्याच दिवशी सुरू केले.