आमची वाटचाल: तयार तमाल्यांकडून ओल्या पिठाकडे

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत डिसेंबर लागला की मेक्सिकन घरांत तमालादा सुरू होते. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि नाताळचे तमाले करतात, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, कणसाच्या पानात गुंडाळून वाफवतात. आमचा उद्योग याच शहरातला. सुरुवातीला आम्ही उकडलेले तयार तमाले डझनावर विकत होतो. आता मुख्य माल आहे ओलं पीठ, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं ताजं दळण. भरणं आणि गुंडाळणं घरच्या हातांनीच व्हावं असं आम्हाला मनापासून वाटतं. मका शिजवून दळायला मात्र आता फार थोड्या घरांना सवड असते.

दळणाचं प्रमाण असं: 1 किलो वाळलेला पांढरा मका, 3 लिटर पाणी, 10 ग्रॅम खायच्या चुन्याची कोरडी पूड. भांडं स्टीलचं हवं, चुन्याने ॲल्युमिनियम खराब होतं. मंद आचेवर 30 ते 40 मिनिटं शिजवायचं, टरफल बोटांनी सुटू लागलं की आच बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि जरा भरड दळायचं. चुन्यामुळे पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं नायसिन हे ब जीवनसत्त्व अंगी लागतं. भाकरीचं मक्याचं पीठ इथे चालत नाही. ते चुन्यातून गेलेलं नसतं, त्यामुळे बांधून राहत नाही. भारतातून विचारणाऱ्यांना आम्ही हेच आधी सांगतो.

खरी कसोटी पीठ फेटण्याची. 1 किलो ओल्या पिठाला 300 ग्रॅम डुकराची चरबी, 300 ते 400 मिलिलिटर कोमट रस्सा (मांस शिजवलेलं पाणी), 15 ग्रॅम मीठ. आधी नुसती चरबी पांढरी आणि हलकी होईपर्यंत फेटा, मग पीठ आणि रस्सा आळीपाळीने थोडा थोडा घाला. चिमूटभर पीठ गार पाण्यात टाकलं की तरंगलं पाहिजे. बुडालं तर आणखी फेटा; हवा कमी राहिली की तमाले दगडासारखे घट्ट होतात. आमच्या मराठी गिऱ्हाइकांसाठी चरबीऐवजी वनस्पती तूप आणि भाज्यांचा रस्सा घालून वेगळा घाणा काढतो. त्या तमाल्यांत पोब्लानो मिरचीच्या भाजलेल्या पट्ट्या आणि चीज भरावं, चव उत्तम येते. खोबरेल तेलही चालतं, पण थंडीत ते थिजतं आणि पीठ पसरता येत नाही.

डुकराच्या मांसाच्या सारणासाठी ग्वाहीयो आणि आंचो या वाळलेल्या मेक्सिकन मिरच्या बिया काढून काही सेकंदच भाजा. करपल्या की सगळा रस्सा कडू होतो. भिजवून वाटल्यावर गाळून घ्या, ग्वाहीयोची साल जाड असते. सारण आटलेलं हवं. पातळ राहिलं तर शिवणीतून गळतं.

कणसाची वाळलेली पानं गरम पाण्यात तासभर, वर ताटली दाबून भिजवा. पानाच्या गुळगुळीत बाजूला, रुंद टोकाकडे 60 ग्रॅम पीठ अर्धा सेंटिमीटर जाड पसरा, मध्ये 25 ग्रॅम सारण घाला, दोन्ही कडा एकमेकींवर आणून निमुळतं टोक खाली दुमडा. 1 किलो ओल्या पिठाचे साधारण 25 नग होतात. मुलांना पानं पुसायला आणि पीठ पसरायला द्या, दुमडायचं काम सवयीच्या हाताकडे ठेवा.

मोदकपात्र या कामाला उथळ पडतं. तमाले उघडं तोंड वर करून उभे राहिले पाहिजेत, म्हणून खोल पातेलं घ्या. पाणी जाळीच्या खाली राहू द्या, त्यात एक स्वच्छ नाणं टाका. नाणं खडखडायचं थांबलं की पाणी संपत आलं. उकळतं पाणीच घाला, गार पाण्याने वाफ मोडते. वर ओलं फडकं, झाकण, आणि 75 ते 90 मिनिटं. काढल्यावर 15 मिनिटं थांबून एक उघडून बघा. पान स्वच्छ सुटलं तर झालं, चिकटलं तर पुन्हा वाफेवर ठेवा.

नाताळनंतर आमचा दुसरा हंगाम 2 फेब्रुवारीचा. 6 जानेवारीच्या गोड पावात ज्याला छोटी बाहुली सापडते, त्याने कांदेलारियाला, म्हणजे 2 फेब्रुवारीच्या सणाला, सगळ्यांना तमाले खाऊ घालायचे असतात, त्यामुळे त्याच आठवड्यात पिठाच्या मागण्या येऊ लागतात. पीठ दळल्या दिवशीच न्यावं. फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतं, पुढे आंबूस वास येतो. उरलेले तमाले उकडूनच गोठवा. फ्रीझरमधून काढले की थेट वाफेवर 25 ते 30 मिनिटं, पान न काढता.