सुट्या मालाचं दुकान आणि तेलाचा प्रश्न

जळगावात आम्ही पॅकिंगशिवायचं किराणा दुकान चालवतो. डाळी, तांदूळ, ज्वारी, शेंगदाणे सगळं कोठ्यांत. गिऱ्हाइकाने डबा नाहीतर कापडी पिशवी आणायची. लोक डबा विसरतात, ही अडचण आहेच, पण छोटी. अनामत घेऊन बरण्या देतो, निभावतं.

खरी पंचाईत तेलाची. महिन्याच्या यादीत तेल असतंच आणि सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने मनाई आहे. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ निघाली, माणसं दगावली. त्याच वर्षी केंद्राने तेलाच्या पॅकिंगचा आदेश काढला. हा नियम मला मनापासून पटतो. पण तेलासाठी दुसऱ्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक डाळ-साखरही तिथूनच घेऊन येतं. म्हणून आम्ही सीलबंद 15 किलोचा पत्र्याचा डबाच ठेवतो. दोन-तीन घरं मिळून घेतात, आणि रिकामा डबा ज्वारी भरायला कामी येतो.

दळलेले मसालेही सुटे विकता येत नाहीत. तिथे मात्र खान्देशानेच आम्हाला सांभाळून घेतलं. काळा मसाला अजून कितीतरी घरांत स्वतः भाजून कांडपावर नेतात. त्यामुळे मिरची, धने, दगडफूल आख्खंच खपतं.

आता हवामान. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कोठीतले शेंगदाणे आणि सुकं खोबरं खवट व्हायला लागतं. पावसाळा लागला की किडे. हरभरा डाळीत हात घातला आणि बोटांना पीठ लागलं, तर समजायचं की आत भुंगेरा आहे. मग ती कोठी पूर्ण रिकामी करायची, पुसायची, उन्हात ठेवायची. पाकीटवाल्याला हे काम नाही. त्यावर उपाय एकच, माल थोडा भरायचा आणि लवकर विकायचा. पण थोडा घेतला की होलसेलचा भाव मिळत नाही. 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी लागला, सुट्यावर नाही. तेवढा आधार आहे, पण तूट आणि मजुरीत तो निघून जातो.

एका आजींनी विचारलं, "ताई, तारीख कोठे शे यानावर?" प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हापासून प्रत्येक कोठीवर माल कोणत्या मिलमधून, कधी आला ते खडूने लिहितो.

राहिला एक मोठा प्रश्न. जळगाव हे डाळ मिलचं गाव, पण आमच्याकडे डाळ येते ती प्लास्टिकच्या विणलेल्या कट्ट्यांतच. गिऱ्हाइकाला दिसत नाही, मला रोज दिसतं. कट्टे परत घ्या, झटकून पुन्हा भरून द्या, असं मिलवाल्यांशी बोलणं चालू आहे. भाड्याचा खर्च कुणी सोसायचा, इथे गाडी अडली आहे.