घुरघुरतंय म्हणजे खूश आहे ना?

आमच्या बोक्याला मांडीवर घेतलं की जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: बहुतेक वेळा हो. पण हा ‘बहुतेक’ मला उशिरा कळला.

आमची आधीची मांजर एकदा कपाटामागे जाऊन बसली. हाका मारल्या, येईना. हात घातला तर जोरात घुरघुरायला लागली. मजेत आहे असं समजून मी तिला तिथेच राहू दिलं. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच. मग बॅटरी घेऊन नीट पाहिलं. चारही पाय पोटाखाली घट्ट घेतलेले, मान खाली, कान बाजूला पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. एरवी सारखी चाटून अंग स्वच्छ ठेवणारी, पण केस पार विस्कटलेले. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, मांजरं दुखतं तेव्हा, घाबरतात तेव्हासुद्धा घुरघुरतात. ती बरी झाली, पण तो वाया गेलेला दिवस मला अजून टोचतो.

तेव्हापासून मी आधी अंग बघते, आवाज नंतर. शेपटी ताठ वर आणि टोकाला जरा वाकडी, म्हणजे भेटून आनंद झालाय. बसल्या बसल्या शेपटी आपटायला लागली की हात काढून घ्यायचा. पोट वर करून लोळणं हा विश्वास आहे, पोटाला हात लावायची परवानगी नव्हे. ओरखडे बहुतेक इथेच मिळतात. गाल घासतात ते आपला वास आपल्या माणसाला लावायला.

आणि डोळे! मांजराकडे बघत सावकाश डोळे मिटा, सावकाश उघडा. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली हे तपासलं, तर मांजरंही तशीच डोळे मिटून उत्तर देत होती आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या जवळ जास्त जात होती. नवं मांजर घरात आणलंत तर उचलून घेण्याआधी हे करून पाहा.

एक मात्र लक्षात ठेवाच. बोका सारखा त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तो कितीही घुरघुरत असो, सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.