पैलवानाची वही

कोल्हापुरात, शिवाजी पेठेत मला अजून 'पैलवान' म्हणतात. बाविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि तालीम सुटली. खुराक सुटला नाही. गंगावेशीतलं धारोष्ण दूध, दुपारी चार भाकरी, रविवारी तांबडा-पांढरा. त्रेचाळिसाव्या वर्षी उंची पाच फूट आठ इंच, वजन ११२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३७ च्या वर; आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. पण हाक 'पैलवान' अशी येत असली की पोटाला पोट म्हणायला जीभ वळत नाही.

आधी एका सेंटरात पैसे भरले. पावडर आणि काकडी. दोन महिन्यांत ११ किलो उतरले, दिवाळीनंतर १४ चढले. घरात हा आकडा कुणाला सांगितला नाही.

शुगर काठावर आली तेव्हा राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे गेलो. वजन उतरवायच्या ऑपरेशनचं मीच विचारलं. ते म्हणाले, "आधी सहा महिने बिनऑपरेशनचं बघू," आणि समुपदेशक मॅडमकडे धाडलं. तिथं पहिल्यांदा नऊ प्रश्नांचा कागद भरला: झोप कशी, मन लागतं का, भूक मेलीय की खा-खा होते. मी सगळीकडे 'काही नाही' वर खूण केली. पैलवानाला कसलं आलंय मन!

मग वही. काय खाल्लं, किती वाजता, कुठं, सोबत कोण, आणि त्याआधी काय झालं. शेवटचा रकाना मला उगाचच वाटला. दोन आठवडे रोज तेच लिहिलं: भाकरी दोन, आमटी, कोशिंबीर. मॅडमनी वही चाळली आणि शांतपणे विचारलं, "सेकंड शिफ्ट सुटून तुम्ही साडेअकराला घरी पोहोचता. वही साडेआठलाच झोपते का?"

सांगावं लागलं. शिरोलीहून घरी येतो तेव्हा सगळे झोपलेले. स्वयंपाकघरात दिवा न लावता, उभ्यानंच, पातेल्यातला भात, डब्यातलं भडंग, वर गूळ-शेंगदाणे. भूक नसायचीच, डबा आठ वाजता झालेला. माल रिजेक्ट झाला, साहेबानं पोरांदेखत झापलं, त्या दिवशी भडंगाचा डबा तळाला जायचा. आईनं डब्याचा आवाज ऐकलाय, हे मला फार नंतर कळलं.

मॅडमनी भडंग बंद करा म्हटलं नाही. एवढंच सांगितलं: दिवा लावायचा, ताटात घ्यायचं, बसून खायचं. त्याआधी पंधरा मिनिटं अंगणात थांबायचं. पहिल्या रात्री दिवा लावला आणि हातात पातेलं घेऊन रडलो. ते वहीत लिहिलं नाही, मॅडमना तोंडी सांगितलं. पुढच्या वेळी तो नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, खरा.

वजन किती उतरवायचं ते ऐकून मात्र वैतागलो. मला ऐंशी किलोवर यायचं होतं. डॉक्टर म्हणे पाच ते दहा टक्के, म्हणजे साडेपाच ते अकरा किलो. एवढ्यानंही शुगर, रक्तदाब सुधारतो. त्यांनीच अमेरिकेतल्या मिनेसोटातला एक जुना प्रयोग सांगितला. १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ती माणसं दिवसभर खाण्याचाच विचार करायची, पाककृतींची पुस्तकं वाचायची, आणि उपासमार संपल्यावर पोट भरूनही समाधान होईना. त्या १४ किलोंची लाज तिथं निम्मी उतरली. खाण्यापुढं हरणारा मी एकटाच नव्हतो तर.

चौथ्या महिन्यात मेहुण्याच्या लग्नात मटणावर आडवा हात मारला. 'आता गेलंच, तर सोमवारपासून' म्हणून चार दिवस तसंच चाललं, आणि मी तारीख चुकवली. मॅडमचा फोन: "घसरलात त्या दिवसाची पानं घेऊन या, बाकीची नसली तरी चालेल." गेलो. लग्नातल्या जेवणावर पाच मिनिटं बोललो असू. उरलेला सगळा वेळ लग्नानंतरच्या त्या चार दिवसांवर गेला.

सात महिने झाले, काटा १०३ वर आहे. मधे सहा आठवडे हललाच नव्हता. रंकाळ्यावर चालतो, गुडघा कुरकुरतो. आईला ताटातलं उरवलेलं अजून खपत नाही, त्यावर उपाय सापडलेला नाही.

कालचं पान: रात्री पावणेबारा. अर्धी भाकरी, पिठलं. बसून, दिवा चालू. सोबत बायको, ती उठून आली. त्याआधी काय झालं: काही नाही, भूक लागली होती.