नावात आग, अंगावर पाऊस : बॉनजवळचा सॅलमँडर

जर्मनीतलं बॉन शहर संपतं तिथे कॉटनफॉर्स्टचं जंगल सुरू होतं. ओक, बीच, हॉर्नबीम अशी झाडं आणि सपाट जमिनीवर जागोजागी साचलेली डबकी. आम्ही गेलो ते एप्रिलमधल्या एका रात्री, भर पावसात, गमबूट चढवून. फायर सॅलमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा एक उभयचर, बघायचा तर अशीच वेळ गाठावी लागते. कोरड्या हवेत तो ओंडक्याखाली दडून बसतो. असे ओंडके चुलीत गेले की आतून हा धडपडत बाहेर यायचा, त्यावरून आगीशी नातं जोडलं गेलं म्हणतात. रोमन लेखक प्लिनीने तर याच्या गारव्याने आग विझते, असंच लिहून ठेवलंय!

टॉर्चच्या उजेडात पहिला दिसला तो वाटेच्या मधोमध. वीतभर लांब, कुळकुळीत काळा, पाठीवर तुटक पिवळे पट्टे. आम्ही वाकून बघत होतो तरी स्वारीला काडीची घाई नव्हती. का असेल? डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात, त्यांत सॅमँडरिन हे विष. पिवळा रंग म्हणजे उघड धमकीच. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे अभ्यासक फोटोवरूनच ओळख पटवतात.

शास्त्रीय नाव सालामांड्रा सालामांड्रा. आपलं चितळ नाही का, अ‍ॅक्सिस अ‍ॅक्सिस, तसंच. सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये याला चक्क सरड्यांत घालून लासेर्टा सालामांड्रा म्हटलं होतं. यातला पहिला शब्द प्रजातीचा (genus), दुसरा जातीचा (species). पुढे उभयचर म्हणून सालामांड्रा ही वेगळी प्रजाती झाली, जातीचं नाव तेच राहिलं आणि जोडी जमली. वनस्पतींना एकच शब्द दोनदा येणारी अशी जोडनावं चालत नाहीत, प्राण्यांना चालतात.

मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं पाण्यात सोडते. एरवी ओढ्यात, इथे मात्र डबक्यांतही, आणि त्यासाठीच हे जंगल संशोधकांत प्रसिद्ध आहे. एका डबक्यात आम्हाला ही पिल्लं सापडली: पिसांसारखे कल्ले, पायांच्या मुळाशी फिकट ठिपका.

आता वाईट बातमी. आशियाई सॅलमँडरांच्या व्यापारातून आली असावी अशी एक बुरशी यांची कातडी पोखरते. नेदरलँड्समध्ये तिने जवळजवळ सगळे संपवले, बॉनशेजारच्या आयफेल या डोंगराळ भागातही ती पोचलीय. 2013 मध्ये तिचं बारसं झालं, त्यात जातीचं नाव पडलं ‘सालामांड्रिवोरान्स’, म्हणजे सॅलमँडरभक्षक. जाणार असाल तर वाट सोडू नका, हात लावू नका, आणि एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बुटांचे तळवे ब्रशने घासून, जंतुनाशक मारून पूर्ण वाळवा. चिखलातूनही ती पसरते.