आम्ही खारदुंगला विकत नाही

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्या टूरमध्ये खारदुंगला आहे ना?" नाही म्हटलं की समोरचा जरा गप्प होतो आणि मग "बरं, घरी बोलून कळवतो" म्हणतो. लडाखची सायकल टूर काढायची आणि खारदुंगला ही तिथली प्रसिद्ध खिंड ठेवायची नाही, म्हणजे पंढरपूरला जाऊन विठ्ठल टाळल्यासारखं वाटतं लोकांना. आमचा धंदा मात्र याच नकारावर उभा आहे.

लेहहून खारदुंगला साधारण ४० किलोमीटर, सगळा चढ. हंगामात त्या रस्त्यावर नुब्रा खोऱ्याकडे निघालेल्या टॅक्स्या, भाड्याच्या बुलेट आणि लष्कराचे ट्रक यांची रांग लागलेली असते. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. तिथं सायकलवाला तोंड उघडून श्वास घेत असतो आणि त्या तोंडात जातो डिझेलचा धूर. बरं, ज्या फलकाशेजारी फोटो काढायचा, त्याच्यावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेलं होतं. मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. जगातला सर्वात उंच रस्ता हा मानही आता त्याच्याकडे नाही.

आमचं मूळ दुकान पुण्यात, पेठेतलं. वडील तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. घरोघरी स्कूटर आली तसा तो धंदा आटला आणि पंक्चर-ओव्हरहॉलिंगवर दुकान तगलं. मी बसायला लागलो तोवर शहरात गिअरच्या सायकली आल्या होत्या. रविवारी पहाटे सिंहगड चढणारी मंडळी सोमवारी सायकल सर्व्हिसिंगला टाकायची. ऑगस्ट-सप्टेंबरात मनाली-लेह करून आलेल्या सायकली यायच्या. ब्रेकपॅड पत्र्यापर्यंत झिजलेले, चेनच्या कड्यांत पिठासारखी धूळ, आणि मालकाच्या तोंडी ट्रकांच्या गोष्टी. टांगलांगला खिंडीत टँकरनं कसं दाबलं, रोहतांग खिंडीच्या चिखलात कसे तासन् तास अडकलो. एवढ्या लांब जाऊन हे लोक डोंगराबद्दल कमी आणि वाहतुकीबद्दलच जास्त बोलत होते. त्याच भागात गाडी दिसणार नाही असे रस्ते असणारच, ते शोधून माणसं नेली तर? कंपनी निघाली ती या प्रश्नातून. वडिलांना ते अजिबात पटलं नव्हतं. सायकल चालवायला कुणी पैसे देतं का, हा त्यांचा सवाल होता, आणि त्यात तथ्य होतं. पहिले काही हंगाम टूरचा तोटा दुकानाच्या गल्ल्यातून भरला.

रस्ता रिकामा का असतो, हे हळूहळू समजत गेलं. कधी तो पुढं कुठंच जात नाही म्हणून. हिमाचलातल्या स्पितीत अत्तरगूच्या पुलावरून पिन खोऱ्यात शिरलं की रस्ता मुध गावात संपतो; पुढं भाबा किंवा पिन-पार्वती खिंडीची पायवाट. ज्याला मनालीला पोचायचंय तो इकडे वळतच नाही. कधी शेजारी दुसरा जास्त आकर्षक रस्ता असतो म्हणून. किब्बर आणि चिचममधल्या दरीवर २०१७ मध्ये पूल सुरू झाला, त्याआधी तिथं तारेवरचा पाळणा होता. आता काझा या स्पितीतल्या मुख्य गावाहून लोसरला जाणारे बरेच पर्यटक पूल बघायला वरून जातात आणि खालचा रंगरिकचा रस्ता आम्हाला मिळतो. आमच्या पाहुण्यांना पूल हवाच असेल तर आम्ही किब्बरला मुक्काम करून भल्या सकाळी पार करतो.

सगळ्यात मोठा बदल घडवला रोहतांगखालून जाणाऱ्या अटल बोगद्यानं. ३ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाला. लांबी नऊ किलोमीटरच्या थोडी वर. कोरोनामुळे तो हंगाम तसाही बुडालेला होता, दुकानात सायकली विकल्या जात होत्या पण टूर शून्य. बरोबरीचे टूरवाले खूश होते, कारण आता मनालीहून पलीकडच्या लाहौल खोऱ्यात पोचायला तास-दीड तास. मला त्यात वेगळंच दिसलं. ट्रक बोगद्यात गेले, म्हणजे रोहतांगचा जुना रस्ता सुटला!

अगदी सुटला असंही नाही. बर्फ बघायला पर्यटक अजून रोहतांगला जातात, पण त्यांच्या गाड्यांना परवाना लागतो, रोजचा आकडा ठरलेला असतो आणि देखभालीसाठी मंगळवारी त्यांना रस्ता बंद असतो. शिवाय ही सगळी मंडळी माथ्यावरूनच मागं फिरतात. पलीकडचा ग्राम्फूपर्यंतचा उतार त्यामुळं एखाद्या मेंढपाळाचा आणि आमचा. कोठीला मुक्काम, पहाटे निघून ३,९७८ मीटरवरचा माथा, आणि झोपायला कोकसरला, ३,१०० मीटरच्या आसपास. शरीराला उंचीची सवय लावायची तर उंच चढून खाली झोपणं हेच चांगलं. बोगद्यातून गेलेला माणूस हा दिवस वाचवतो आणि पुढं कुठंतरी डोकं धरून बसतो.

या रस्त्यांना वेळापत्रक असतं, आणि आमच्या कामातला अर्धा भाग ते सांभाळण्याचाच आहे. लांगझा, हिक्कीम, कॉमिक ही काझाच्या वरची गावं. हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून पोस्टकार्ड टाकायला रोज टॅक्स्या येतात, त्या साधारण नऊनंतर, आणि संध्याकाळी काझाला परत. आम्ही लांगझातच होमस्टेला राहतो. सहाला जवाच्या पिठाची रोटी आणि चहा घेऊन निघालं की कॉमिकपर्यंत फक्त टायरखालच्या खड्यांचा आवाज. स्पितीच्या वाटेवरच्या ग्राम्फू ते बातल टप्प्यातल्या नाल्यांचं गणित तर उन्हावर चालतं. बर्फ वितळेल तसं पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्यावर येतो आणि तळातले धोंडे दिसेनासे होतात. तिथं जेवणाचा आग्रह धरणाऱ्या पुणेकराला आधी नाला, मग राजमा-भात, एवढंच सांगतो.

सायकली आधी आम्ही पुण्याहून रेल्वेच्या पार्सल डब्यातून न्यायचो. पेडल काढायची, हँडल फिरवायचं, बबल-रॅप, खोकं. तरी काही ना काही वाकायचंच, आणि वाकायचा तो नेमका डिरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा, हँगर. हा मागच्या चाकाजवळचा बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, मुद्दाम मऊ ठेवलेला, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. डोळ्याला दिसणार नाही इतका जरी आत गेला, तरी मोठ्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकल्याक्षणी डिरेलर आऱ्यांत शिरतो आणि खटकन तुटतो. आमचा मेकॅनिक पहिल्या संध्याकाळी होमस्टेच्या अंगणात सायकली उलट्या ठेवतो, गेजची दांडी हँगरला लावून रिमभोवती चार ठिकाणी फिरवतो, आणि अंतर सारखं येईपर्यंत हळूहळू दाबतो. पाहुणे कंटाळतात. तो नाही कंटाळत. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, म्हणून सुटे हँगर नाव लिहिलेल्या पाकिटांत. पुढं एकाच बनावटीच्या हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेल्या) सायकली घेतल्या आणि हिवाळ्यात त्या मनालीजवळच्या एका गावात घराच्या तळघरात ठेवायला लागलो. भाडं द्यावं लागतं, पण खोक्यांची कटकट गेली.

मदतीच्या गाडीवरून आमच्यातच वाद झाले. गाडी नसलेल्या रस्त्यावर आपणच पिकअप घेऊन जायचा, हे कसं? बरेच टूरवाले गाडी सायकलींच्या मागं रखडत ठेवतात, म्हणजे दिवसभर पहिल्या गिअरवरचं इंजिन कानाशी. आमचा पिकअप आधी निघून दहा-बारा किलोमीटर पुढं उभा राहतो, शेवटचा रायडर दिसला की पुन्हा पुढं. मध्ये वॉकीटॉकी. साठीच्या पुढचे काका-काकू आले की घरच्यांना ही व्यवस्था धाडसाची वाटते, पण काका-काकूंना नाही वाटत. उलट तेच चाळीस मिनिटं एकटे होतो म्हणून खुशीत असतात.

जुलै २०२३ मध्ये कुलू-मनालीकडं पावसानं रस्ते वाहून नेले, चंद्रतालला पर्यटक दिवसच्या दिवस अडकले. त्या महिन्याच्या बॅचेस आम्ही रद्द करून पैसे परत केले, आणि त्या वर्षी ताळेबंदाकडं बघवत नव्हतं. तेव्हापासून जुलै-ऑगस्टला मनालीच्या दारानं जायचं नाही. त्या काळात विमानानं थेट लेह. पहिले दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही, मग शाम खोऱ्यात लिकीर, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम अशी गावागावांतून सवारी. एका घरातल्या आमा-ले (आई) आमच्यासाठी जर्दाळू वाळत घालून ठेवतात आणि वजन न करताच देतात. स्पिती सप्टेंबरात, जेव्हा मटार निघून शेतं मोकळी झालेली असतात.

आणि खारदुंगलाऐवजी वारी-ला ही दुसरी खिंड. कारू गावाहून चांग-ला खिंडीकडची गर्दी आपल्या वाटेनं जाते, आम्ही सक्ती गावाहून वारी-ला खिंडीकडं. उंची सुमारे ५,३०० मीटर, म्हणजे फोटोपुरती काही कमी नाही. चढ तेवढाच जीवघेणा, दिवसाला गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. पलीकडं अगम गावात, श्योक नदीच्या काठावर उतरायचं, तिथून नुब्रा. परतताना खारदुंगला लागतोच, पण सायकली पिकअपवर आणि माणसं गाडीत. ज्यांना फलक हवा त्यांना पाच मिनिटं देतो.

बॅच लहान, म्हणून दर इतरांपेक्षा जास्त आहे, हेही फोनवर आधीच सांगतो. होमस्टेत खोल्याच चार असतात, त्याला इलाज नाही. वडील गेले तोवर टूरचा हिशोब दुकानाच्या वहीतून वेगळा झाला होता, एवढं त्यांनी पाहिलं.

आता डोळा शिंकु-ला खिंडीवर आहे. लाहौलमधल्या दारचाहून लडाखमधल्या झांस्करला जाणारा हा रस्ता ५,०९१ मीटरवरून जातो आणि खालून ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचं काम २०२४ च्या जुलैत सुरू झालं आहे. बोगदा झाला की गाड्या खालून जातील. वरचा रस्ता तेव्हा देखभालीत राहील की दरडीखाली जाईल, हे कळेपर्यंत झांस्करमधल्या पदुम आणि पुरनेच्या होमस्टेवाल्यांशी बोलणी चालू ठेवली आहेत. सप्टेंबरच्या स्पिती बॅचमध्ये अजून जागा आहेत. सायकल आमची, हेल्मेट मात्र स्वतःचं आणा.